ओवरीतले तत्त्वज्ञान आणि दुःखिताचे सांत्वन

१

मराठीत ‘स्टोइक’ या शब्दाला सर्वमान्य प्रतिशब्द नाही. कोणी विरागी म्हणतो, कोणी उदासीन, कोणी सुखदुःखसमभावी. आणि घाईच्या लेखनात बहुधा ‘निर्विकार’ या विशेषणावर काम भागविले जाते. हे सर्व शब्द मनुष्याच्या अंतिम अवस्थेचे वर्णन करतात. ती अवस्था प्राप्त व्हावी म्हणून त्याने काय केले, कोणत्या क्षणी केले आणि कोणाला उद्देशून केले, यांविषयी ते मौन पाळतात. एपिक्टेटस आणि मार्कस ऑरेलियस यांना मराठीत आणावयाचे म्हटले म्हणजे हे मौन अडचणीचे ठरते. त्या अडचणींपैकी दोनांचा विचार येथे करावयाचा आहे: पहिली संज्ञांची, दुसरी सर्वनामांची. वरवर पाहता दोन्ही कोशाच्या आणि व्याकरणाच्या कक्षेतल्या आहेत. तथापि ज्याच्यावर आपत्ती कोसळली आहे त्याला हे तत्त्वज्ञान आधार देईल की त्याच्या जखमेवर मीठ चोळील, हे पुष्कळ अंशी त्यांच्याच निर्णयावर अवलंबून आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नावापासूनच आरंभ करू. अथेन्सच्या चौकालगत खांबांच्या रांगेवर छत घातलेली एक लांबट वास्तू होती. तिच्या भिंतीवर मॅरेथॉनच्या युद्धासारखी चित्रे असल्यामुळे तिला ‘चित्रित स्टोआ’ म्हणत. आपल्याकडे देवळाच्या किंवा घाटाच्या कडेने जी ओवरी असते तिच्याशी या वास्तूचे नाते सहज जुळते. सायप्रस बेटावरील किटिऑन गावचा झेनो इ. स. पू. ३०० च्या सुमारास या ओवरीत येरझारा घालीत शिकवू लागला, आणि त्याचे शिष्य ‘ओवरीवाले’ ठरले. परंपरेप्रमाणे तो परदेशी व्यापारी होता आणि जांभळ्या रंगाचा माल घेऊन येत असता त्याचे जहाज फुटल्यामुळे अथेन्सला पोहोचला होता. तेथे एका पुस्तकविक्याच्या दुकानात सॉक्रेटिसाच्या आठवणी त्याच्या कानावर पडल्या, आणि असा माणूस कोठे भेटेल, असे त्याने विचारले, अशी कथा आहे. कथा खरी असो वा नसो, या पंथाची स्मृती नुकसानापासून सुरू होते, एवढे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

झेनोमागून आलेला क्लिअँथीझ मुष्टियोद्धा होता आणि रात्री बागांना पाणी घालून दिवसा तत्त्वज्ञान शिकत असे. त्याच्यामागून आलेल्या क्रिसिपसने सातशेपाचांहून अधिक ग्रंथ लिहिले म्हणतात. त्यांतला एकही आज संपूर्ण उपलब्ध नाही. दुसऱ्यांनी खंडनासाठी अगर मंडनासाठी उद्धृत केलेले तुकडे तेवढे उरले आहेत. स्टोइक म्हणून आपण जे वाचतो ते तीनशे वर्षांनंतरच्या रोमन साम्राज्यातील तिघांचे लेखन: आठ वर्षे कॉर्सिका बेटावर हद्दपारीत काढलेला आणि अखेर इ. स. ६५ मध्ये नीरोच्या आज्ञेने स्वतःच्या शिरा कापून घ्याव्या लागलेला सेनेका, दास म्हणून वाढलेला, एका पायाने अधू असलेला एपिक्टेटस, आणि इ. स. १६१ पासून १८० पर्यंत राज्य केलेला सम्राट मार्कस ऑरेलियस. हद्दपार, दास आणि सम्राट! तिघांची परिस्थिती इतकी भिन्न असता तिघे एकच भाषा बोलतात, हे या विचाराचे मोठे आकर्षण आहे. आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, मोठी अडचणही.

२

स्टोइक विचाराचा गाभा कोठे आहे, हे सांगण्यास एका वादळाची गोष्ट पुरेशी आहे. ती ऑलस गेलियस या दुसऱ्या शतकातील लेखकाने नोंदवून ठेवली आहे. कॅसिओपाहून ब्रंडिसियमला जाताना त्याचे जहाज रात्री तुफानात सापडले. प्रवाशांत अथेन्सचा एक नामांकित स्टोइक आचार्य होता. मृत्यूसमोर हा कसा वागतो हे पाहावे म्हणून गेलियसने त्याच्याकडे नजर टाकली, तो आचार्याचा चेहराही इतरांसारखाच पांढराफटक पडलेला! तो रडत-ओरडत नव्हता इतकेच. वादळ शमल्यावर एका श्रीमंत सहप्रवाशाने त्याची थट्टा केली. परंतु गेलियसने खरोखरच्या जिज्ञासेने विचारले, तेव्हा आचार्याने आपल्या पिशवीतून एपिक्टेटसच्या प्रवचनांचा पाचवा भाग काढून दाखविला. तो भाग आज नष्ट झालेला आहे. त्यातला हा तुकडा या वादळामुळेच वाचला.

त्यात जे म्हटले होते त्याचा आशय असा. गडगडाट झाला, भिंत कोसळली, अकस्मात वाईट बातमी आली, की मनावर ठसा उमटतो. हा ठसा कोणाच्या इच्छेची वाट पाहत नाही. ज्ञानी पुरुषाचे हृदयही क्षणभर आकसते, त्याचाही रंग उडतो. ज्ञानी आणि अज्ञानी यांच्यातला भेद यानंतर सुरू होतो. अज्ञानी मनुष्य त्या ठशाला होकार देतो. ‘हे जसे भयंकर दिसते तसेच ते आहे’ असे म्हणून त्यावर शिक्का मारतो. ज्ञानी पुरुष तो होकार रोखून धरतो.

ठसा आणि होकार. ग्रीक संज्ञा अनुक्रमे ‘फांतासिया’ आणि ‘सिंकाताथेसिस’. पहिलीसाठी ‘कल्पना’, ‘आभास’, ‘प्रतीती’ असे शब्द सुचतात. पण मेणावर उमटणाऱ्या मुद्रेचा दृष्टान्त स्टोइकांचा स्वतःचाच असल्याने ‘ठसा’ हा साधा शब्द अधिक प्रामाणिक आहे. दुसरीसाठी ‘संमती’. झेनो हे हाताने करून दाखवीत असे, असे सिसेरो सांगतो. उघडा पंजा म्हणजे ठसा. बोटे किंचित मिटली म्हणजे संमती. मूठ वळली म्हणजे आकलन. आणि त्या मुठीवर दुसऱ्या हाताची घट्ट पकड बसली म्हणजे ज्ञान. उघड्या पंजाकडून मिटत्या बोटांकडे जाताना जो अवधी लागतो, तेवढीच काय ती मनुष्याची मालमत्ता, बाकी सर्व उसने, असा या पंथाचा दावा आहे. शरीर, द्रव्य, कीर्ती, अपत्ये, राज्य यांतले काहीच पूर्णतः आपल्या हातचे नाही.

येथेच मराठी भाषांतरकाराला एक मोठा मोह होतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीस आलेला स्थितप्रज्ञ आपल्या वाचकाच्या ओळखीचा आहे. १९४४ साली सिवनीच्या तुरुंगात विनोबांनी त्या लक्षणांवर जी व्याख्याने दिली त्यांनी ती ओळख अधिकच गाढ केली. तेव्हा स्टोइक ज्ञानी म्हणजे स्थितप्रज्ञ, ‘आपाथेइया’ म्हणजे वैराग्य, विश्वाचा ‘लोगोस’ म्हणजे ब्रह्म, असे समीकरण मांडले की भाषांतर कसे सुरळीत वाहू लागते! वाचकही प्रसन्न होतो. परंतु या प्रसन्नतेत मूळ विचार हरवतो. स्थितप्रज्ञाचा सुप्रसिद्ध दृष्टान्त अवयव आवरून घेणाऱ्या कासवाचा आहे. एपिक्टेटसचा दृष्टान्त रात्रीच्या पहारेकऱ्याचा आहे. पहारेकरी दार बंद करून आत बसत नाही. तो रस्त्यावर उभा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून परवलीची खूण विचारतो. इंद्रियांचे विषय येऊ द्यावयाचे, फक्त तपासल्यावाचून पुढे सोडावयाचे नाहीत, असा तो व्यवहार आहे. दोन्ही दृष्टान्त थोर आहेत, पण ते एक नव्हेत.

दुसरा भेद याहून महत्त्वाचा. आपल्याकडे दुःखाचे कारण विचारले तर पूर्वकर्माचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या तयार असते. स्टोइकाजवळ असली खतावणी नाही. विश्व विवेकाने चालले आहे यावर त्याची श्रद्धा आहे. परंतु तुझे मूल दगावले ते तुझ्या मागल्या पापाचे फळ, असे तो म्हणत नाही. त्याच्या लेखी आपत्ती ही शिक्षा नव्हे. गाडीमागे बांधलेल्या कुत्र्याची उपमा या पंथात होती: कुत्रा राजीखुषीने धावला तरी गाडीबरोबर जाईल, ओढ घेतली तरी फरफटत जाईलच. ही उपमा कठोर आहे खरी. पण तिच्यात कुत्र्याला अपराधी ठरविलेले नाही. दुःखाबरोबर येणाऱ्या अपराधभावनेचा अनुभव ज्यांना आहे त्यांना या फरकाचे मोल सांगावयास नको.

‘आपाथेइया’बद्दलही थोडे स्पष्टीकरण अवश्य आहे, कारण सर्वाधिक घोटाळा येथे होतो. स्टोइकांच्या परिभाषेत विकार म्हणजे केवळ भावना नव्हे. चुकीच्या निर्णयातून उद्भवलेला, ताब्याबाहेर गेलेला आवेग म्हणजे विकार. असे विकार ते चार मानतात: वासना, भय, हर्ष आणि शोक. यांतून मुक्त झालेला ज्ञानी दगड होत नाही, त्याच्या ठिकाणी सद्भावना नांदतात. वासनेच्या जागी सदिच्छा येते, भयाच्या जागी सावधपणा, हर्षाच्या जागी प्रसन्नता. वाचकाने येथे बोटे मोजावीत. विकार चार, सद्भावना तीन. शोकाच्या जागी काहीच येत नाही. शोकाला शुद्ध, विवेकी असे रूपच या पद्धतीत नाही; कारण खरे अनिष्ट म्हणजे फक्त स्वतःचे दुर्वर्तन, आणि ज्ञानी पुरुष तर दुर्वर्तन करीतच नाही, मग त्याने शोक कशाचा करावा? तर्क बिनतोड आहे. पण ज्या घरातून नुकतेच प्रेत उचलले गेले आहे त्या घरात हा तर्क घेऊन शिरणारा मनुष्य कोण, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

३

या प्रश्नाच्या संदर्भात एपिक्टेटसच्या हस्तपुस्तिकेतील तिसरे कलम कुप्रसिद्ध आहे. एखादे मडके आवडत असेल तर आपल्याला मडके आवडते असे स्वतःशी म्हणावे, म्हणजे ते फुटल्यावर मन विस्कटणार नाही. त्याचप्रमाणे स्वतःच्या मुलाचे वा पत्नीचे चुंबन घेताना आपण एका मर्त्य माणसाचे चुंबन घेत आहो याची आठवण ठेवावी, असा त्याचा भावार्थ आहे. अनेक सहृदय वाचकांनी या ठिकाणी पुस्तक मिटले आहे. मडके आणि मूल एका पंक्तीला!

मात्र त्याच एपिक्टेटसच्या प्रवचनांतील एक संवाद या कलमाशेजारी ठेवून वाचला पाहिजे. एक सरकारी अधिकारी त्याच्या भेटीला आला. बायकामुलांची चौकशी होताच तो म्हणाला की संसारात आपण दुःखी आहो. मुलांवर जीव इतका, की परवा मुलगी आजारी पडली, धोका आहे असे वाटले, तेव्हा तिच्या उशाशी बसणे असह्य होऊन आपण घराबाहेर निघून गेलो आणि ती बरी झाल्याचा निरोप येईपर्यंत परतलोच नाही. हे योग्य झाले का, असे एपिक्टेटसने विचारले. स्वाभाविक झाले, बाप असेच वागतात, असे अधिकाऱ्याचे उत्तर. यावर एपिक्टेटसने एकामागून एक प्रश्न विचारले आहेत. मुलीच्या आईचे तिच्यावर प्रेम आहे ना? मग तिनेही निघून जावयास हवे होते का? आणि दाईने? आणि मुलांना सांभाळणाऱ्या सेवकाने? म्हणजे जिच्यावर सर्वांची इतकी माया ती पोर सर्वांच्या मायेमुळेच एकटी पडावी, आणि जिची पर्वा नाही अशांच्या हातांत तिने प्राण सोडावा? उद्या तू स्वतः आजारी पडलास तर तुझ्या माणसांनी तुझ्यावर असेच प्रेम करावे असे तुला वाटेल काय?

या संवादात एपिक्टेटस त्या बापाचे प्रेम कमी करावयास निघालेला नाही. त्याचा आक्षेप प्रेमावर नसून पलायनावर आहे. आणि पलायनाचे कारण त्याच्या मते मुलीचा आजार नव्हे, तर ‘हे मला पाहवणार नाही’ या ठशाला बापाने दिलेली संमती. जो मर्त्यतेची आठवण ठेवतो तोच आजाऱ्याच्या उशाशी बसू शकतो, असा मडक्याच्या कलमाचा अर्थ या संवादाच्या प्रकाशात लागतो. मूल गेल्यावर हातात ठेवावयाचे ते औषध नव्हे. ते मूल असताना, खेळताना, चुंबन घेताना स्वतः स्वतःला द्यावयाची मात्रा आहे.

हाच भेद स्टोइकांच्या थोरल्या पिढीला ठाऊक होता. मनाचा दाह ऐन भरात असता त्यावर औषध लावू नये, असे क्रिसिपसचे मत होते. ताज्या सुजेवर हात घालू नये, हा वैद्यकाचा नियम त्याने मनाला लावला. या नियमाची वार्ता आपल्याला सिसेरोकडून कळते, आणि तीही नियमभंगाच्या निमित्ताने. इ. स. पू. ४५ च्या फेब्रुवारीत सिसेरोची मुलगी टुलिया वारली. त्याने तत्त्वज्ञांची सांत्वनपर पुस्तके वाचली. ती पुरेनात म्हणून स्वतःचेच सांत्वन करणारा एक ग्रंथ लिहिला, जो आज लुप्त आहे. क्रिसिपसने निषिद्ध ठरविलेली गोष्ट आपण केली, सूज ताजी असतानाच औषध लावले, असे तो पुढे नमूद करतो. तो स्टोइक नव्हता. पण स्वतःच्या जखमेवर स्वतःच औषध लावणे आणि दुसऱ्याने येऊन लावणे यांत जे अंतर आहे ते त्याच्या कृतीतून दिसते.

सेनेकाने दुसऱ्यांसाठी सांत्वने लिहिली. मार्सियाला पुत्रशोकात लिहिलेले, हद्दपारीतून स्वतःच्या आईला लिहिलेले आणि पोलिबियसला भावाच्या मृत्यूनंतर लिहिलेले, अशी तीन उपलब्ध आहेत. शैलीचे वैभव तिन्हींत आहे. परंतु तिसऱ्यात सम्राट क्लॉडियसची जी स्तुती येते ती वाचताना हा लेखक शोकाकुल भावाचे डोळे पुसत आहे की स्वतःच्या सुटकेचा अर्ज लिहीत आहे, असा संशय येतो. पोलिबियस सम्राटाच्या पदरी वजन असलेला मुक्तदास होता, हे सांगितले म्हणजे संशयाचे कारण कळेल. याउलट उतारवयातील एका पत्रात मित्राच्या मित्रवियोगावर उपदेश करताकरता सेनेका एकदम सांगून टाकतो की आपला स्नेही सेरेनस गेला तेव्हा आपण मर्यादेपलीकडे रडलो होतो. दुसऱ्या एका पत्रात तो अश्रूंचे दोन प्रकार करतो: आपल्याला न विचारता ओघळणारे, आणि गेलेल्याची गोड आठवण आली असता आपण वाहू देतो ते. पहिले म्हणजे वादळातल्या आचार्याच्या चेहऱ्याचा पांढरा रंगच होय. दुसऱ्या प्रकारचे अश्रू मात्र चार विकार व तीन सद्भावना यांच्या कोष्टकात बसत नाहीत. शोकाची रिकामी जागा सेनेकाने सिद्धान्ताच्या परवानगीवाचून भरली आहे. आणि माझ्या मते तो येथे जितका मोठा वाटतो तितका सांत्वनांत कोठेही वाटत नाही.

मार्कसचे उदाहरण सर्वांत बोलके. त्याचा वक्तृत्वगुरू फ्रोंटो याचा नातू इ. स. १६५ च्या सुमारास वारला. फ्रोंटोने पूर्वी स्वतःची पाच मुले गमावलेली होती, आणि तत्त्वज्ञानावर त्याचा फारसा लोभ कधीच नव्हता. या प्रसंगी गुरुशिष्यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे शतकानुशतके गडप होती. खरवडून पुन्हा वापरलेल्या चर्मपत्रांवरील पुसट अक्षरांतून फ्रोंटोचा पत्रव्यवहार आंजेलो माईने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उजेडात आणला. मार्कसचे पत्र अगदी लहान आहे. गुरूचा एखादा सांधा दुखला तरी ज्याला यातना होतात त्याला गुरूचे मन दुखत असता काय होत असेल, असे तो विचारतो. आपले चित्त इतके अस्वस्थ आहे की माझ्यासाठी स्वतःला जपा एवढ्याखेरीज काही सुचत नाही, असे म्हणून तो थांबतो. मर्त्यतेची आठवण नाही, विश्वाच्या विवेकाचा उल्लेख नाही, मडके नाही. त्या वेळी सम्राट असलेला हा मनुष्य तारुण्यापासून स्टोइक होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मौनाचा अर्थ कळतो. मार्कसला स्वतःच्या अपत्यांपैकी बहुतेकांचे मृत्यू पाहावे लागले. अपत्य गमावू नये अशी प्रार्थना करण्याऐवजी गमावण्याचे भय नसावे अशी प्रार्थना करावी, हा कठोर विचार त्याच्या वहीत आहे. तो त्याने फ्रोंटोला पाठविला नाही. वहीत ठेवला.

४

येथून सर्वनामांच्या प्रश्नाकडे वळतो. मार्कसची ती वही, जिला आपण ‘चिंतने’ म्हणतो, ग्रीक भाषेत आहे. तिचे बारा भाग असून त्यांपैकी काही डॅन्यूब नदीच्या सरहद्दीवर, युद्धाच्या छावणीत लिहिलेले आहेत. साम्राज्यात साथीचा रोग पसरला होता, उत्तरेकडून टोळ्या चाल करून येत होत्या. या वहीत बहुतेक ठिकाणी द्वितीय पुरुषी एकवचन आहे. हा ‘तू’ कोण? वाचक नव्हे, वाचक असेल अशी त्या लेखकाची कल्पनाही नसावी. तो ‘तू’ म्हणजे स्वतः मार्कस.

इंग्रजी भाषांतरात हा प्रश्न आता दिसेनासा झाला आहे, कारण तेथे एकाच सर्वनामात राजा, रंक, गुरू, कुत्रा सगळे बसतात. मराठीत निवड करावीच लागते. ‘तुम्ही’ म्हटले की प्रवचन सुरू होते. ‘तू’ म्हटले की वाचकाला गुरूचा आवाज ऐकू येतो. ‘आपण’ हा शब्द मोठा मोहक. त्यात आदरार्थी तुम्ही, समावेशक आम्ही आणि स्वतः असे तिन्ही अर्थ सामावतात. पण या संदिग्धतेमुळेच तो येथे उपयोगाचा नाही: स्वतःला कठोरपणे दटावणारा मनुष्य स्वतःला आदराने संबोधीत नसतो. सुदैवाने मराठीला या जातीच्या संबोधनाची जुनी सवय आहे. रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ मनालाच उद्देशून आहेत, आणि ज्यांनी ते लहानपणी पाठ केले त्यांना आपलेच मन आपण समोर उभे करून बोलावे यात काही विचित्र वाटत नाही. भाषांतराने ‘मना’ हा शब्द उसना घेऊ नये, त्याने वहीवर दुसराच रंग चढेल. पण त्या संबोधनाचा सूर कानात ठेवून ‘तू’ लिहावा, आणि तो स्वतःला आहे हे पहिल्या पानापासून स्पष्ट करावे.

एपिक्टेटसची गोष्ट थोडी वेगळी. त्याने स्वतः काहीच लिहिले नाही. सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हाकलून दिल्यावर त्याने ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर निकोपोलिस येथे शाळा काढली. तेथील संभाषणे आरियन या विद्यार्थ्याने टिपून घेतली, आणि त्यांतून निवडून हस्तपुस्तिका तयार केली. प्रवचनांत समोर माणूस असतो, तो उलट बोलतो, गुरू त्याची रेवडी उडवितो. हस्तपुस्तिकेत तो माणूस गळून पडला आणि नुसत्या आज्ञा उरल्या. मडक्याचे कलम इतके निर्दय वाटते याचे एक कारण हे संक्षिप्तीकरण आहे. हस्तपुस्तिका म्हणजे हाताशी ठेवावयाची वस्तू; त्या ग्रीक शब्दात खंजिराच्या मुठीचीही छटा आहे. असले हत्यार ज्याने त्याने स्वतःसाठी बाळगावे. गंमत अशी, की दुसऱ्याच्या शोकाविषयीचा नियम त्याच पुस्तिकेत सोळाव्या कलमात दिला आहे: रडणारा दिसला तर शब्दांनी त्याच्याशी समदुःखी व्हावे, प्रसंग पडल्यास त्याच्याबरोबर उसासाही टाकावा, फक्त आतून उसासा टाकू नये. या शेवटल्या अटीवर टीकाकारांनी ढोंगीपणाचा आरोप केला आहे, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु उपदेश करावा असे तेथे म्हटलेले नाही, हे कोणी फारसे लक्षात घेत नाही. आपल्याकडे समाचाराला जाणारी जुनी माणसे पुष्कळदा नुसती बसून राहतात. ‘आला तो जाणारच’ हे वाक्य घरच्या म्हाताऱ्याने स्वतःशी उच्चारले तर त्यात धीर असतो. पाहुण्याने उच्चारले तर तेच वाक्य ऐकवत नाही.

संबोधनाचा हा प्रश्न घराच्या उंबरठ्यावर थांबत नाही. राजवाड्यातही चांगले जगता येते, असे मार्कस स्वतःला बजावतो. हेच त्याने खाणीतल्या दासाला सांगितले असते, की जेथे आहेस तेथेही चांगले जगता येते, तर ते तत्त्वज्ञान न राहता राज्यकर्त्याची सोय ठरली असती. स्टोइकांवर निष्क्रियतेचा आक्षेप घेणारे येथे खऱ्या दुखण्यावर बोट ठेवतात. दासाचा आत्मा स्वतंत्र आहे असे म्हणणाऱ्या या पंथाने दास्यसंस्था मोडावी असे म्हटले नाही. स्वतः दास राहिलेल्या एपिक्टेटसनेही नाही. मात्र अन्यायासमोर मान झुकवा असाही त्याचा पाठ नव्हता. सम्राट वेस्पेशियनसमोर सिनेटमध्ये बोलण्याचा हक्क न सोडणाऱ्या हेल्विडियस प्रिस्कसचे तो गौरवाने उदाहरण देतो, आणि हेल्विडियसला त्या हक्कापायी प्राण गमवावे लागले. धनुर्धराचा स्टोइक दृष्टान्त येथे आठवावा: लक्ष्य भेदावे म्हणून शक्य ते सर्व त्याने करावयाचे, बाण सुटल्यावर वारा आला तर तो त्याचा अपराध नव्हे. नेमच धरू नये असे हा दृष्टान्त म्हणत नाही.

५

विसाव्या शतकात हा विचार दोन अनपेक्षित ठिकाणी पुन्हा वापरात आला. अल्बर्ट एलिसने १९५५ च्या सुमारास मनोविश्लेषणाची वाट सोडून जी विवेकाधिष्ठित उपचारपद्धती उभी केली तिचे मूळ त्याने एपिक्टेटसमध्ये दाखविले. ॲरन बेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनीही विषण्णतेवरील १९७९ च्या ग्रंथात आपल्या पद्धतीचा तात्त्विक उगम स्टोइकांकडे नेला. एलिसची पद्धती महाराष्ट्रात रुजविण्याचे कार्य कि. मो. फडके यांनी केले, त्यामुळे एपिक्टेटसचे नावही न ऐकलेले कित्येक मराठी वाचक त्याच्या विचाराशी परिचित आहेत. घटना आपल्याला अस्वस्थ करीत नाही, तिच्याविषयीचा आपला ग्रह करतो, हे सूत्र आता दवाखान्यातले झाले आहे. उपचारात विश्वाचा विवेक, नियती, सद्गुण हे सर्व गळून गेले. ठसा आणि संमती यांच्यामधला अवधी तेवढा राहिला. या वजाबाकीबद्दल शुद्धिवादी नाराज असतात. मला ती फारशी खटकत नाही. कारण तेथेही औषध रोग्याने स्वतःच घ्यावयाचे असते, उपचारक फक्त प्रश्न विचारतो, आणि प्रश्न विचारणे ही तर निकोपोलिसची रीत होती.

दुसरे ठिकाण तुरुंगाचे. अमेरिकन नौदलातील वैमानिक जेम्स स्टॉकडेल स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असता तेथील एका तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने त्याला हस्तपुस्तिका भेट दिली. १९६५ च्या सप्टेंबरात उत्तर व्हिएतनाममध्ये त्याचे विमान पाडले गेले. पाय मोडलेल्या अवस्थेत तो कैद झाला आणि साडेसात वर्षांनी, १९७३ मध्ये सुटला. त्यातला मोठा काळ एकान्त कोठडीत, काही काळ पायांत बेड्या. काय आपल्या हातचे आणि काय नाही, ही विभागणी तेथे पुस्तकी राहिली नाही. छळाखाली आपण बोललो हे हातचे नव्हते, पण त्यानंतर पुन्हा नकार द्यावयाचा की नाही हे होते. एपिक्टेटसप्रमाणे तोही पुढे लंगडतच चालला, आणि हे साम्य त्याच्या नजरेतून सुटले नव्हते. १९९३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात त्याने हा अनुभव सविस्तर मांडला आहे. ते वाचताना मन भरून येते, आणि एक शंकाही मनात राहते: ज्या युद्धात हा धीर प्रकट झाला त्या युद्धाविषयी हस्तपुस्तिका काहीच बोलत नाही, आणि त्या विमानांखाली ज्यांची गावे होती त्यांनाही धीराची तितकीच गरज होती. हस्तपुस्तिकेने कैद्याला बळ दिले. ते बळ कोणाच्या बाजूने उभे राहावे हे सांगण्यास ती अपुरी आहे. त्यासाठी स्टोइकांच्याच विश्वबंधुत्वाच्या विचाराकडे जावे लागते, आणि तो विचार हस्तपुस्तिकेत फार आक्रसलेला आहे.

एपिक्टेटसच्या खासगी जीवनाविषयी आपल्याला अत्यल्प माहिती आहे. त्याच्या घरातला लोखंडी दिवा चोरीस गेला आणि त्याने दुसऱ्या दिवशी मातीचा आणला, हे त्यानेच सांगितले आहे. तो मातीचा दिवा त्याच्या मृत्यूनंतर कोणी तीन हजार द्राक्मांना विकत घेतला, अशी लुसियनने चेष्टा केली आहे. पायाच्या अधूपणाबद्दलही दोन परंपरा आहेत. एकीप्रमाणे क्रूर धन्याने तो पिरगाळून मोडला आणि दासाने ‘मोडेल’ एवढेच शांतपणे सांगितले होते. दुसरीप्रमाणे तो संधिवाताचा परिणाम होता. पहिली लोकांना अर्थातच अधिक आवडते. या दोहोंपेक्षा मला सिंप्लिसियस या सहाव्या शतकातील भाष्यकाराने हस्तपुस्तिकेवर लिहिताना दिलेली माहिती मोलाची वाटते. एपिक्टेटस दीर्घकाळ एकटाच राहिला, लग्न केले नाही. उतारवयात त्याच्या एका मित्रावर दारिद्र्यामुळे आपले तान्हे मूल उघड्यावर टाकून देण्याची पाळी आली, तेव्हा एपिक्टेटसने ते मूल आपल्या घरी आणले, आणि त्याच्या संगोपनासाठी एका स्त्रीला घरात ठेवून घेतले.